सपाट चमचा

बॉस्टनला लेकीकडे सहा महिने राहायला आलेल्या आई-वडिलांचं करायचं काय, हा प्रश्न तिथल्या प्रत्येक मराठी घराला पडतो. आईचा प्रश्न पहिल्या संध्याकाळीच सुटतो. ती बॅग उघडते, भाजणी, मेतकूट, गोडा मसाला ओट्यावर मांडते आणि स्वयंपाकघराचा ताबा घेते. वडिलांचं अवघड असतं. त्यांना मराठी पेपर नाही, सकाळचा कट्टा नाही, रिक्षावाल्याशी सुट्ट्या पैशांवरून होणारी बोलाचाली नाही. आठवड्याभरात ते घरातल्या प्रत्येक वस्तूची किंमत रुपयांत काढून मोकळे होतात आणि मग कोथिंबिरीच्या जुडीशी येऊन हळहळतात. त्यानंतर लेकीच्या लक्षात येतं, की बाबांना कुठेतरी घातलं पाहिजे.

आमच्या लेकीने त्यांना स्वयंपाकाच्या वर्गात घातलं.

ती ज्या विद्यापीठात संशोधन करते, तिथे शिकवायचं असं वेगळं स्वयंपाकघर आहे. टीचिंग किचन म्हणतात. विद्यार्थी, नोकरवर्ग आणि त्यांच्या घरचे, सगळ्यांना खुलं. स्वयंपाक शिकवतात आणि खाण्यापिण्याचा सल्लाही देतात. नाव जोडीने घालायचं होतं, म्हणून शेपटासारखी मीही गेले. यांचा आणि स्वयंपाकघराचा संबंध तोवर ‘चहा झाला का?’ एवढ्या वाक्यापुरता होता. बँकेत मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेला माणूस. कोट्यवधींची कर्जं मंजूर केलेली. पण साखरेचा डबा कोणता आणि मिठाचा कोणता, हे त्यांना अजून कळवण्यात आलेलं नव्हतं.

शिकवणारी मुलगी आमच्या लेकीपेक्षाही लहान होती. तिने दारातच यांच्या छातीवर नावाची चिठ्ठी चिकटवली आणि यांना सरळ पहिल्या नावाने हाक मारली. जे नाव मी उखाण्याबाहेर कधी घेतलं नाही, ज्याच्यामागे ‘साहेब’ लावल्याशिवाय शिपायापासून मॅनेजरपर्यंत कुणी उच्चारलं नाही, ते नाव ती दर दोन मिनिटांनी ‘कांदा अजून बारीक कर’ या वाक्याला जोडून घेत होती. आणि हे, एप्रन बांधून, ‘येस शेफ’ म्हणत होते. तिकिटाचे पैसे माझ्यापुरते तिथेच वसूल झाले.

कांद्याला हात लावण्याआधी अर्ज भरायचा असतो. कापलं, भाजलं, पोळलं तर जबाबदारी आपली, हा त्यातला पहिला मजकूर. दुसरा ॲलर्जीचा. अमेरिकेच्या कायद्यात ॲलर्जीचे नऊ मुख्य जिन्नस आहेत : दूध, अंडी, मासे, कोळंबी-खेकडे, बदाम-काजूसारखा सुका मेवा, शेंगदाणे, गहू, सोयाबीन आणि तीळ. तीळ शेवटी आले; कायदा २०२१चा, अंमल २०२३ पासून. मी ती यादी वाचली आणि वर्गात आपण भरली वांगी करून दाखवू, हा बेत मुकाट्याने मागे घेतला. दाण्याचा कूट आणि तीळ एकाच मसाल्यात कालवून वर ‘खाऊन तर बघा’ असा आग्रह करणं तिथे अंगाशी येऊ शकतं. संक्रांतीला ऑफिसभर तिळगूळ वाटणारी मराठी माणसं तिथे किती जोखीम पत्करतात, त्यांचं त्यांनाच ठाऊक नसेल.

मग सुरी. आपल्या विळीचं पातं जागेवर असतं आणि भाजी हलते. तिथे भाजी जागेवर असते आणि पातं हलतं. भाजी धरणाऱ्या हाताची बोटं आत दुमडायची, पातं बोटांच्या पेरांना घासत चालवायचं, म्हणजे शेंडे शाबूत राहतात. आयुष्यभर विळीवर बसून गवार मोडली, मेथी चिरली, नारळ खवला. त्या हातांना पेरं दुमडायला शिकवणं म्हणजे उजव्या हाताने लिहिणाऱ्याला डावा हात देणं. यांना काहीच विसरायचं नव्हतं, त्यामुळे हे चटकन शिकले. कोरी पाटी असण्याचे फायदे मी त्या दिवशी प्रथमच पाहिले.

चिरायच्या पाटांचे रंग ठरलेले. लाल कच्च्या मांसाचा, पिवळा कोंबडीचा, निळा माशांचा, हिरवा भाजीचा. हिरव्या पाटावर कोंबडी आलेली चालत नाही, आणि कोंबडीला लागलेला हात साबणाने वीस सेकंद धुतल्याशिवाय काकडीकडे जाऊ शकत नाही. हे म्हणाले, ‘‘आपल्या आजीचं सोवळं!’’ आजेसासूबाईंचं सोवळं याहून कडक होतं खरं, पण त्यात जंतूंना कुणी विचारत नव्हतं. बाजूला बसवत होते ती माणसं, आणि बहुतेक वेळा बायका. इथे कोंबडी आणि काकडी यांच्यात भेदभाव आहे, चिरणाऱ्यांत नाही. हे सोवळं मी आनंदाने पाळलं.

यांना वर्ग खऱ्या अर्थाने भावला तो मापांच्या दिवशी. मोठा चमचा पंधरा मिलिलीटरचा, छोटा पाचचा. चमचा शिगोशीग भरायचा, वरून सुरीची पाठ फिरवायची, जादा पीठ डब्यात परत. राहील तो सपाट चमचा. दिवसाअखेरी एका रुपयाचा फरक लागला म्हणून अख्खी शाखा रात्रीपर्यंत थांबवून ठेवणारा हा माणूस. स्वयंपाकघरात आपल्या जातीचं कुणी असेल याची त्यांना कल्पनाच नव्हती. बाजूच्या टेबलावरच्या एका पोराने मिठाचा चमचा थोडा उंचवटा ठेवून टाकला, तर यांनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की तो बिचारा पुन्हा भरायला गेला.

हे सपाट चमच्याचं वेड मूळ बॉस्टनचंच. बॉस्टन कुकिंग स्कूलच्या प्रमुख फॅनी फार्मर यांनी १८९६ साली पाककृतींचं पुस्तक लिहिलं. तोपर्यंत अमेरिकेतल्या बायकाही ‘अंड्याएवढं लोणी’ आणि ‘चवीपुरतं’ याच चलनात व्यवहार करत होत्या. फार्मरबाईंनी सांगितलं, की चमचा म्हणजे सपाट चमचा आणि कप म्हणजे सपाट कप. प्रकाशकाला या पुस्तकाचा इतका भरवसा, की पहिल्या तीन हजार प्रतींचा छपाईखर्च त्याने बाईंकडूनच घेतला. पुढे ते लाखांनी खपलं. प्रकाशकांच्या अंदाजाबद्दल मी काही बोलत नाही; मला मराठीत अजून लिहायचं आहे.

आपल्याकडेही लक्ष्मीबाई धुरंधरांचं ‘गृहिणीमित्र’ १९१०मध्ये आलं. एक हजार पाकक्रिया. आणि १९७०पासून ‘रुचिरा’ घेऊन कमलाबाई ओगले घराघरांत आल्या, त्या वाटी-चमचा बरोबर घेऊनच. यांनी संध्याकाळी मला विचारलं, ‘‘वाटी म्हणजे किती मिलिलीटर?’’

‘‘आपली वाटी.’’

‘‘आपल्याकडे चार प्रकारच्या वाट्या आहेत. त्यातली कोणती?’’

‘‘जी हाताला लागेल ती. रवा त्याच वाटीने, साखर त्याच वाटीने, पाणीही त्याच वाटीने. मग वाटी केवढी का असेना!’’

प्रमाण राखलं की झालं, हे त्यांना कागदावर पटलं. त्रैराशिक त्यांना येतं. पण मनातून नाही पटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी लेकीच्या घरातल्या सगळ्या वाट्यांत पाणी ओतून मोजलं आणि तळाशी आकडे लिहिलेल्या चिकटपट्ट्या लावल्या.

आहाराच्या तासाला मात्र यांचा पाय घसरला. आहारतज्ज्ञ बाईंनी पडद्यावर ताटाचं चित्र आणलं. हार्वर्डच्या सार्वजनिक आरोग्य विद्यालयाने २०११मध्ये काढलेलं हे ताट तिकडे प्रसिद्ध आहे. अर्धं ताट भाज्या आणि फळं, पाव ताट अख्खी धान्यं, पाव ताट डाळी-मासे-कोंबडी वगैरे प्रथिनं. शेजारी पाण्याचा पेला. इथपर्यंत सगळे माना डोलावत होते. मग बाई म्हणाल्या, ‘‘आणि बटाटा भाज्यांमध्ये धरायचा नाही.’’

खोलीत एकच माणूस दचकला.

‘‘मग कशात धरायचा?’’ यांनी हात वर करून विचारलं.

बाईंनी शांतपणे सांगितलं, की बटाट्यातल्या पिष्टाची साखर झटकन होते, रक्तातली साखर तो भातासारखाच भराभर चढवतो, तेव्हा त्याची जागा तिकडे. यांचा चेहरा असा झाला, की जणू एखादं जुनं, नियमित हप्ते भरणारं खातं बुडीत निघाल्याचं कुणी सांगावं. माझ्याही डोळ्यांपुढून बटाट्याची सुकी भाजी, रस्सा, फ्लॉवर-बटाटा, मटार-बटाटा, वांगं-बटाटा अशी मिरवणूक गेली. आपल्याकडे ‘आज भाजी काहीच नाहीये’ म्हटल्यावर जी भाजी होते, ती बटाट्याची. एकादशीचं पान तर मी मनातल्या मनात त्या चित्रावर मांडून पाहिलं. साबुदाण्याची खिचडी, तिच्यात बटाटा, बटाट्याची भाजी, वर बटाट्याचा कीस. अर्धं ताट मोकळं पडलं आणि धान्याच्या पाव भागात चेंगराचेंगरी झाली.

तेवढ्यात हे सावरले आणि उभं राहून त्यांनी वर्गाला सांगितलं, की आमच्या संस्कृतीत ताटाची शास्त्रशुद्ध आखणी फार पूर्वीपासून आहे : वर मीठ-लिंबू, डावीकडे चटणी, कोशिंबीर, लोणचं, उजवीकडे भाज्या, आमटी, मध्ये वरणभाताची मूद. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मला टाळी वाजवता येईना. आमच्या पानात डावी बाजू असते, नाही असं नाही, पण चटणी आणि कोशिंबीर यांना एकाच चमच्याने वाढतात. काकडीची कोशिंबीर चमचाभर आणि श्रीखंड वाटीभर, या पंगतीत मी जन्म काढला आहे. आखणी उत्तमच होती. मोजमाप वाढप्यांच्या हातात होतं.

नंतर वैयक्तिक सल्ला. तिथे पहिला प्रश्न असतो : गेल्या चोवीस तासांत काय काय खाल्लं? आठवून क्रमाने सांगायचं. ही आहारशास्त्रातली जुनी आणि मान्य पद्धत आहे, पण ती काढणाऱ्यांनी मराठी नवऱ्याला बायकोसमोर बसवून पाहिलं नसावं.

‘‘फार काही नाही,’’ हे म्हणाले. ‘‘दोन पोळ्या, भाजी, थोडा भात.’’

‘‘सकाळी चहाबरोबर?’’ मी म्हटलं.

‘‘चहा काय खाण्यात येतो?’’

‘‘चहा नाही, खारी येते.’’

‘‘दोन तर होत्या!’’

‘‘आणि अकरा वाजता येता-जाता चिवडा. दुपारी जेवणानंतर ‘तोंड गोड’ म्हणून लाडू. चार वाजता पुन्हा चहा. टीव्ही बघताना दाणे.’’

बाई लिहीत होत्या. यांच्या खाण्याचं हे खातं त्यांच्या देखत, साक्षीदारासकट, प्रथमच उघडलं जात होतं. शेवटी बाईंनी विचारलं, वरून मीठ घेता का? हे माझ्याकडे बघायला लागले. मी खिडकीबाहेर बघायला लागले. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मिठाचा आहे, म्हणजे एक छोटा चमचा, तोही लोणचं, पापड, चिवडा सगळं धरून. सपाट.

मला त्या बाईंची एक गोष्ट फार आवडली. त्यांनी काहीही बंद करायला सांगितलं नाही. आपल्याकडे आहाराचा सल्ला म्हणजे बंदीहुकूम. डॉक्टर साखर बंद करतात, शेजारच्या काकू भात बंद करतात, मोबाइलवर रोज सकाळी येणारा कुणीतरी गहूच बंद करतो आणि दुधी भोपळ्याचा रस सुरू करतो. या बाईंनी एवढंच विचारलं, की चिवड्याच्या वेळेला एखादं फळ बसेल का, आणि भात थोडा मागे सरकवून उसळ पुढे येईल का. यांनी ‘विचार करून कळवतो’ असं कर्ज मागायला आलेल्याला सांगत तसं सांगितलं.

एवढी गोडी त्या शहराला सहज आलेली नाही. एमआयटी ही तंत्रज्ञानाची विख्यात संस्था बॉस्टनमध्येच निघाली. तिथली पहिली विद्यार्थिनी एलन स्वॉलो रिचर्ड्स. बाईला प्रवेश दिल्याचा बोभाटा नको, म्हणून संस्थेने तिच्याकडून फी घेतली नव्हती. कुणी विचारलंच तर ‘आमची विद्यार्थिनी नाही’ म्हणायची सोय. ती रसायनशास्त्रज्ञ झाली आणि १८९०मध्ये तिने बॉस्टनच्या गरीब वस्तीसाठी ‘न्यू इंग्लंड किचन’ उघडलं. स्वस्त, पौष्टिक, प्रत्येक वेळी अगदी तंतोतंत एकाच चवीचं अन्न : गोमांसाचं सूप, वाटाण्याचं सूप, मक्याची खीर. १८९३च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात तर तिच्या स्वयंपाकघराने तीस सेंटच्या जेवणाबरोबर त्यातली प्रथिनं, स्निग्ध पदार्थ आणि उष्मांक छापलेलं पत्रक दिलं. विज्ञान चोख होतं. पण बॉस्टनच्या आयरिश आणि इटालियन बायकांनी ते सूप चाखलं आणि घरी जाऊन आपलं नेहमीचं रांधलं. मला त्या बायका पाहिल्यासारख्या वाटतात. बाहेरून कुणीतरी शिकलेली बाई येते आणि मुलांना काय घालावं ते सांगते, तेव्हा ‘हो बाई’ म्हणून मान डोलवायची आणि घरी येऊन फोडणी टाकायची, हे जगभर एकच आहे.

आता तिथे आधी चव देतात, मग पोषण सांगतात. हार्वर्डचे डॉ. डेव्हिड आयझेनबर्ग २००७पासून डॉक्टरांनाच परिषदेला बोलावून स्वयंपाक करायला लावतात. रोग्याला ‘भाज्या खा’ सांगणाऱ्याला निदान भाजी करता यावी, एवढीच अपेक्षा. ही अपेक्षा आपल्याकडच्या डॉक्टरांकडून करायला मी तयार आहे, पण त्यांच्या बायकांची संमती आधी घ्यावी लागेल.

एका तासाला ‘प्राचीन धान्य’ होतं. बाटलीतून मोत्यांसारखं काहीतरी निघालं आणि शेफ मुलीने कौतुकाने त्याचं नाव सांगितलं : सॉर्गम. माझं माहेर मंगळवेढ्याकडचं, जिथल्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे. माहेरचं माणूस परदेशात अनोळखी कपड्यांत भेटावं आणि आपली ओळख कुणी तिसऱ्यानेच करून द्यावी, तसं झालं. अमेरिकेत ती सर्वांत जास्त पिकते कॅन्ससमध्ये, आणि पुष्कळशी गुरांच्या पोटात किंवा इथेनॉल होऊन मोटारींच्या टाकीत जाते. उरलेली या वर्गात. तासभर शिजवून, गार करून, वर ऑलिव्ह तेल आणि लिंबू. मी भाकरी थापून दाखवू का, असं विचारलं. त्यांनी हौसेने परवानगी दिली. फोडणी-भाकरीने धुराचा भोंगा वाजला, बंब आला, असं काहीतरी वाचायच्या तयारीत कुणी असेल, तर नाइलाज आहे. त्यांचा धूर ओढणारा पंखा उत्तम होता. भाकरी मात्र फाटली. तिथलं पीठ कधी दळलेलं होतं कुणास ठाऊक. जुन्या पिठाला चिकाटी राहत नाही. शेफ मुलगी फाटका तुकडा खाऊन ‘अमेझिंग’ म्हणाली. ती जळलेल्या वांग्यालाही ‘अमेझिंग’ म्हणाली होती.

वर्गात निम्म्याहून जास्त मुलगेच होते, आणि हे कुणाला सांगण्यासारखं वाटत नव्हतं. आपल्याकडे जुहूला एसएनडीटीचं गृहविज्ञान महाविद्यालय आहे, निर्मला निकेतनचंही आहे. पोषणाचं शास्त्र आपल्या मुली पिढ्यान्‌पिढ्या रीतसर शिकत आल्या. आणि घरी आल्यावर त्यांना सासरे सांगत आले, की वरणात तूप जास्त घाल.

माझी खरी परीक्षा वर्गाबाहेर सुरू झाली. यांनी एक टोकदार थर्मामीटर विकत घेतला. गरम केलेल्या आमटीत तो खुपसून हे उभे राहायचे. उरलेलं अन्न १६५ फॅरनहाइट, म्हणजे ७४ सेल्सियसला पोचल्याशिवाय पानात येऊ द्यायचं नाही. भात झाला की फोनवर दोन तासांचा गजर. शिजलेल्या भातात बॅसिलस सीरियस नावाच्या जंतूचे बीजाणू जिवंत राहतात, भात बाहेर राहिला की ते वाढतात, आणि त्यांचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. हे खरं आहे, मी वहीत लिहून घेतलं आहे. पण रात्रभर ओट्यावर झाकून ठेवलेल्या भाताला सकाळी लसूण-मिरचीची फोडणी घातलेली यांनी जन्मभर मागून मागून खाल्ली. आता तेच मला म्हणाले, ‘‘अगं, तुला कल्पना नाही, किती धोकादायक आहे ते.’’

आणि मीठ! जेवताना वरून मीठ घेऊ नका, हे मी लग्नाच्या पहिल्या वर्षापासून सांगत आले. ते त्यांनी त्या वर्गात इंग्रजीत ऐकलं आणि घरी येऊन मला मराठीत समजावून सांगितलं. लेक टेबलाखालून माझ्या पायावर पाय देत होती, म्हणून ते जेवण शांततेत पार पडलं.

तरी स्वयंपाक ते करू लागले, हे मान्य केलं पाहिजे. छोल्यांचं सॅलड, टोमॅटोचं सूप, भाजलेल्या गाजरांचं काहीतरी. चव चांगली. फक्त त्यासाठी प्रत्येक जिन्नस आधी मोजून वेगळ्या वाटीत काढून, रांगेत मांडून ठेवावा लागतो. शेफ लोक असंच करतात म्हणे. जिऱ्याला एक वाटी, मिऱ्याला एक, लसणीच्या दोन पाकळ्यांना एक. सॅलड दोघांना पुरायचं आणि सिंक ओसंडून वाहायचं.

भांड्यांचा तास अभ्यासक्रमात अगदी शेवटी होता, आणि नेमकी त्या दिवशी यांना सर्दी झाली. शिंकणाऱ्या माणसाला त्या स्वयंपाकघरात पाऊल टाकता येत नाही. नियम म्हणजे नियम. मी एकटी गेले, शिकून आले आणि छापील कागद यांना आणून दिला. रात्री मी सिंकपाशी उभी असताना यांनी तो सोफ्यावरून मोठ्याने वाचून दाखवला. पहिल्या कप्प्यात साबणाचं गरम पाणी, दुसऱ्यात स्वच्छ पाणी, तिसऱ्यात जंतुनाशक.

‘‘आपल्याकडे तिसरा कप्पा कुठाय?’’ त्यांनी विचारलं.

‘‘अहो, पुसायला तरी या,’’ मी फडकं पुढे केलं.

त्यांनी चष्मा नीट केला आणि कागदावर बोट ठेवलं. ‘‘फडक्याने पुसायची नाहीत. हवेवर वाळू द्यायची. इथे स्पष्ट लिहिलंय.’’